शेंड्याचा रस आणि नारिंगी पट्ट्याची पिंपे

१९३१ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात फ्रिट्झ क्योग्ल हे रसायनतज्ज्ञ माणसांचे मूत्र गोळा करून आटवत होते. त्यांना कुठल्या रोगाचा माग काढायचा नव्हता. रोपाच्या शेंड्यात तयार होणारा आणि रोपाला वाढवणारा पदार्थ त्यांना शुद्ध स्वरूपात हवा होता. ओटच्या कोंबांत तो इतका थोडा असतो की हजारो शेंडे खुडूनही हाती काही लागले नसते. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिसेल त्या पदार्थात तो शोधायला सुरुवात केली, आणि सगळ्यांत जास्त तो सापडला माणसाच्या मूत्रात. स्त्री-संप्रेरक मूत्रातून वेगळे काढण्याची किमया दोनच वर्षांपूर्वी झालेली असल्यामुळे ही वाट रसायनतज्ज्ञांना परकी नव्हती. १९३४ मध्ये त्यांच्या गटाने त्यातून जो रेणू ओळखला, तो होता इंडोल ॲसेटिक आम्ल. रसायनशास्त्राला तो कित्येक वर्षे ठाऊक होता. पण गवताच्या पात्यापासून वडापर्यंत सगळ्यांची वाढ त्याच्या हाती आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

वनस्पतीचे संजीवक माणसाच्या शरीरात काय करत होते, याचे उत्तर मिळायला वेळ लागला. त्याआधीच त्या संजीवकाची कृत्रिम भावंडे विमानांतून एका देशावर ओतली गेली. या संजीवकाचा, म्हणजेच ऑक्झिनचा, इतिहास सांगताना हे दोन्ही धागे बरोबर धरावे लागतात. एकच धरला तर तो इतिहास अर्धा राहतो.

सुरुवात डार्विनपासून करावी लागते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर लिहिलेले जाडजूड पुस्तक १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. पाखरांना घालतात त्या कॅनरी गवताचे कोवळे कोंब खिडकीकडे झुकतात, हे कुणीही पाहिले असेल. डार्विन पितापुत्रांनी कोंबाच्या अगदी टोकावर अपारदर्शक टोपी घातली आणि कोंब झुकायचा थांबला. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तरी तो झुकत राहिला. उजेड टोकाला कळतो, पण वळतो तो खालचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इतक्या साध्या साधनांनी इतके खोल काही हाती लागल्याचे उदाहरण विज्ञानात क्वचितच सापडेल.

हे ‘काहीतरी’ म्हणजे पदार्थ आहे, हे पुढच्या चाळीस वर्षांत हळूहळू पक्के होत गेले. डेन्मार्कच्या पेटर बॉयसन येन्सन यांनी कोंबाचे टोक कापले, मध्ये जिलेटिनचा थर ठेवून ते परत बसवले, तरी कोंब झुकला. अभ्रकाचा तुकडा मध्ये आडवा घातला की मात्र निरोप अडायचा. हंगेरीच्या आर्पाद पाल यांनी कापलेले टोक अंधारातच खुंटावर एका बाजूला सरकवून ठेवले. उजेड नसतानाही कोंब विरुद्ध दिशेला वाकला.

शेवटचा पुरावा दिला फ्रिट्स व्हेंट या तरुणाने. वडील उट्रेख्तमध्येच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मुलाच्या वाट्याला तेव्हा सक्तीची लष्करी सेवा आली होती, त्यामुळे प्रयोगशाळेसाठी उरायची ती रात्रच. त्याने ओटच्या कोंबांची टोके कापून आगरच्या पातळ थरावर ठेवली. आगर म्हणजे आपल्या घरात चायनाग्रास म्हणून येते तेच. काही वेळाने टोके उचलून फेकून दिली, त्या आगरचे बारीक चौकोन कापले आणि एकेक चौकोन शेंडा नसलेल्या खुंटावर एका कडेला ठेवला. १९२६ च्या वसंतातल्या एका मध्यरात्रीनंतर ते खुंट वाकू लागले. टोक नाही, उजेड नाही, फक्त टोकातून झिरपून आगरमध्ये उतरलेला रस, आणि तरी कोंब वाकत होता. व्हेंट धावत घरी गेला आणि झोपलेल्या वडिलांना उठवले. वडिलांनी झोपेतच उद्या पुन्हा करून बघ म्हणून सांगितले, अशी आठवण त्याने उतारवयात लिहून ठेवली आहे. प्रयोग दुसऱ्या दिवशीही जमला. शिवाय रस जितका जास्त तितका वाक जास्त, हे दिसल्यामुळे न दिसणाऱ्या पदार्थाचे मोजमाप करता येऊ लागले. क्योग्ल यांना मूत्रात ऑक्झिन सापडले ते याच वाकाच्या मोजणीमुळे.

यातून जे कळले ते आपल्या शेतकऱ्याला हाताने आधीच ठाऊक होते. तुरीचा किंवा शेवंतीचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. का फुटतात? शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्झिन बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब जातो. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी हे १९३० च्या दशकात दाखवले. त्याच काळात ऑक्झिनमुळे कापलेल्या फांदीला मुळे फुटतात हेही कळले. आज डाळिंबाची गुटी बांधताना सालीला जी आयबीए या ऑक्झिनची भुकटी किंवा मलम लावतात, तिचा उगम इथे आहे. कपाशीची पातेगळ थांबवायला मारतात ते एनएए हेही त्याच कुळातले.

इथे एक अप्रिय प्रकरण नोंदवले पाहिजे. क्योग्ल यांच्या प्रयोगशाळेने इंडोल ॲसेटिक आम्लाच्या आधी ‘ऑक्झिन ए’ आणि ‘ऑक्झिन बी’ असे दोन पदार्थ जाहीर केले होते, त्यांची रचनाही छापली होती. जगात इतर कुणालाही ते पुन्हा सापडले नाहीत. १९६६ मध्ये जपून ठेवलेल्या मूळ नमुन्यांची आधुनिक यंत्रांवर तपासणी झाली, तेव्हा एक नमुना पित्तातले कोलिक आम्ल निघाला आणि दुसरा प्रयोगशाळेतले एक नेहमीचे रसायन. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत जे शिकवले गेले ते अस्तित्वातच नव्हते. इंडोल ॲसेटिक आम्ल मात्र खरे ठरले. १९४० च्या दशकात ते मक्याच्या दाण्यांतूनही वेगळे काढले गेले. त्या कामात क्योग्ल यांचे जुने सहकारी आरी हागेन-स्मिट होते. हेच हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसच्या विषारी धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे हे सिद्ध करून मोटार कंपन्यांच्या रोषाला सामोरे गेले. उट्रेख्तमधून निघालेली ती माणसे पुढे कुठे कुठे उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रसायनतज्ज्ञ ऑक्झिनसारखे वागणारे कृत्रिम रेणू बनवू लागले होते. अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत १९४२ मध्ये टू-फोर-डी या रेणूचे संजीवक गुण नोंदवले गेले. नैसर्गिक ऑक्झिन काम झाले की रोप ते मोडून टाकते. टू-फोर-डी त्याला मोडता येत नाही. थोडे दिले तर वाढ. जास्त दिले तर वाढीचा हुकूम थांबतच नाही. खोड पिळवटते, पाने विद्रूप होतात, रसवाहिन्या फुटतात आणि रोप आपल्याच वाढीने मरते. त्यातही रुंद पानांची झाडे मरतात, गवतवर्गातली पिके वाचतात. इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनी आणि रोथॅमस्टेडची संशोधन संस्था, अमेरिकेत शिकागोचे एझ्रा क्राउस आणि सरकारी शेती खात्याचे शास्त्रज्ञ हे सगळे एकमेकांच्या नकळत याच गुणापर्यंत पोहोचले. शांततेचा काळ असता तर शोध लगेच शेतीच्या नियतकालिकांत छापून आला असता. युद्धामुळे तो कुलुपात गेला.

क्राउस यांनीच तो लष्करापुढे ठेवला. शत्रूचे अन्न आणि झाडांचा आडोसा नष्ट करता येईल, हा विचार होता. मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिक या जैविक युद्धाच्या तळावर सुमारे हजार रसायने झाडांवर तपासली गेली. जपानची भातशेती मारण्याचा बेत तयार झाला. युद्ध आधी संपल्यामुळे तो अमलात आला नाही. युद्ध संपताच टू-फोर-डी बाजारात आले आणि दोन-चार वर्षांत गहू, मका आणि हिरवळींवर फवारले जाऊ लागले. खुरपणीचे कष्ट वाचवणारी ती गोष्ट होती, हे नाकारू नये. पण लष्कराच्या कपाटातली फाइल फाडली गेली नव्हती. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी मलायातल्या बंडखोरांविरुद्ध ही रसायने वापरली, आणि तो दाखला अमेरिकेला पुढे उपयोगी पडला.

ऑगस्ट १९६१ मध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये पहिली चाचणी फवारणी झाली. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मंजुरी दिली. जानेवारी १९६२ पासून ‘ऑपरेशन रँच हँड’ नावाने सी-१२३ जातीची मालवाहू विमाने झाडांच्या शेंड्यांवरून रांगेने उडू लागली. रसायनांची पिंपे ओळखता यावीत म्हणून त्यांवर रंगीत पट्टे असत: गुलाबी, हिरवा, जांभळा, पांढरा, निळा, नारिंगी. नारिंगी पट्ट्याच्या पिंपात टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी हे दोन कृत्रिम ऑक्झिन निम्मे-निम्मे असत. हेच ‘एजंट ऑरेंज’. भात गवतवर्गातला असल्यामुळे ऑक्झिनला सहज बळी पडत नाही; म्हणून शेतकऱ्यांच्या खाचरांवर मुख्यतः निळ्या पट्ट्याचे आर्सेनिकयुक्त रसायन टाकले गेले. शत्रूची शेती कोणती आणि उपाशी गावाची कोणती, हे विमानातून कळण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर विमानांच्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासानुसार १९७१ पर्यंत एकूण ७ कोटी ७० लाख लिटरांच्या आसपास तणनाशके फवारली गेली, त्यांतले सुमारे साडेचार कोटी लिटर एजंट ऑरेंज होते. कामाऊच्या टोकाची आणि सायगावजवळच्या रुंग साटची खारफुटी एकेका फवारणीत करपली. खारफुटी एकदा गेली की चिखल उघडा पडतो आणि भरती-ओहोटी रोपे धरू देत नाही, हे कोकणच्या खाड्यांवर राहणाऱ्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

झाडांपुरतेच हे असते तरी ते अक्षम्य होते. पण टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना तापमान वाढले की त्यात एक अवांछित पदार्थ तयार होतो. त्याचे नाव टीसीडीडी, डायऑक्सिन कुळातला सगळ्यांत जहाल. गिनीपिगला मारायला त्याचा किलोमागे एक मायक्रोग्रॅमदेखील लागत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या नायट्रो गावच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा कामगारांच्या अंगावर क्लोरॲक्नेचे चिवट फोड उठले होते. १९५७ मध्ये जर्मनीत त्या फोडांचे कारण टीसीडीडी असल्याचे उघड झाले. म्हणजे पहिले विमान उडण्याआधी चार वर्षे ही माहिती छापील स्वरूपात उपलब्ध होती. व्हिएतनामच्या बाबतीत ‘तेव्हा माहीत नव्हते’ हे उत्तर मला मान्य होत नाही.

ज्याला ते मान्य झाले नाही असा एक वनस्पतिशास्त्रज्ञ त्या वेळीही होता. आर्थर गॅल्स्टन. ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, शेतीचा अभ्यास केलेले. १९४३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्रबंधासाठी त्यांनी सोयाबीनला लवकर फुले यावीत म्हणून टीआयबीए नावाचे रसायन वापरले. ते ऑक्झिनच्या वाहतुकीत अडथळा आणते. योग्य मात्रेत फुले वाढली. मात्रा वाढली तर पाने गळून पडली. गॅल्स्टन यांना फुलांशी कर्तव्य होते, पानगळ त्यांनी इशारा म्हणून नोंदवली. पुढे ते नौदलात गेले आणि ओकिनावा बेटावर शेती अधिकारी म्हणून युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या लोकांच्या अन्नाची सोय पाहू लागले. युद्धानंतर कॅलिफोर्नियात आल्यावर त्यांना कळले की त्यांच्या प्रबंधातली ती पानगळीची नोंद डेट्रिकच्या लोकांनी लक्ष देऊन वाचली होती.

एजंट ऑरेंजचा शोध गॅल्स्टन यांनी लावला असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. टीआयबीए त्या पिंपांत कधीच नव्हते. पण आपला दुवा इतका पातळ आहे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत, आणि मला वाटते त्यांचे मोठेपण इथेच आहे. येल विद्यापीठात प्राध्यापक असताना १९६६ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या वनस्पतिशरीरशास्त्रज्ञांच्या संघटनेला फवारणीविरुद्ध भूमिका घ्यायला सांगितले. संघटनेने अधिकृतपणे ते टाळले. तेव्हा त्यांनी आणि थोड्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या सह्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र पाठवले. उत्तर आले ते रसायने निरुपद्रवी असल्याचे. ते थांबले नाहीत. लेख, व्याख्याने, सरकारी समित्यांपुढे साक्षी, सगळे चालू राहिले. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन यांच्यासारखे इतर शास्त्रज्ञही उभे राहिले. टू-फोर-फाइव्ह-टीमुळे उंदरांच्या पिलांत जन्मजात व्यंगे येतात हे अमेरिकी सरकारसाठीच झालेल्या प्रयोगांत दिसले होते. ते निष्कर्ष बराच काळ दाबून ठेवलेले, १९६९ मध्ये बाहेर आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धात तणनाशके वापरणे जिनिव्हा कराराच्या विरुद्ध असल्याचे ठरवले. एप्रिल १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबवण्यात आला आणि जानेवारी १९७१ मध्ये रँच हँडचे शेवटचे विमान उतरले. १९७० च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या एका परिषदेत गॅल्स्टन यांनी निसर्गसंहाराला आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवण्याची मागणी केली. ती अजून पूर्ण झालेली नाही. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी युद्धात आपण होऊन तणनाशके न वापरण्याचा आदेश काढला, एवढे पाऊल तरी पडले.

माणसांचा हिशेब लांबच चालला. १९८४ मध्ये उत्पादक कंपन्यांनी अमेरिकी माजी सैनिकांना १८ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. व्हिएतनामी नागरिकांचा दावा अमेरिकेच्या न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने टीसीडीडीला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकले. मऊ ऊतींचा सार्कोमा, काही लिम्फोमा, क्लोरॲक्ने यांच्याशी त्याचा संबंध अमेरिकेनेही मान्य केला. पुढच्या पिढ्यांतल्या व्यंगांबद्दल वैज्ञानिक वाद आहे. व्हिएतनाम मात्र लाखो पीडितांची गणना मांडतो. दा नांगच्या विमानतळावरची डायऑक्सिनने भरलेली माती भट्टीत तापवून स्वच्छ करायला २०१२ ते २०१८ अशी सहा वर्षे लागली.

आता मूत्रातल्या त्या कोड्याकडे. आपल्या आतड्यातले जिवाणू अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल ॲसेटिक आम्ल बनवतात. ते रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झाली की ते रक्तात साचते. अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून राहत असल्यामुळे डायलिसिसमध्येही पुरते निघत नाही, आणि अशा रुग्णांत त्याची पातळी जितकी जास्त तितका हृदयविकाराचा धोका जास्त, असे अभ्यासांत आढळले आहे. आपल्या पेशींत ते ज्या प्रथिनाला उठवते, ते एएचआर नावाचे ग्राहक-प्रथिन. डायऑक्सिनही त्यालाच पकडते. फरक असा की आतड्यातला रेणू हलकेच स्पर्श करून निघून जातो आणि डायऑक्सिन वर्षानुवर्षे शरीरातल्या चरबीत बसून राहते. उलट बाजूही आहे. २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी दाखवले की स्वादुपिंडाच्या कर्करोगात ज्या रुग्णांना केमोथेरपी लागू पडते, त्यांच्या रक्तात इंडोल ॲसेटिक आम्ल जास्त असते, आणि उंदरांना ते दिल्यावर औषध अधिक परिणामकारक होते. हे अजून उपचार म्हणून सिद्ध झालेले नाही. कुणी बाजारातले संजीवक पोटात घेण्याचा विचारही करू नये.

वनस्पतीच्या पेशीला ऑक्झिन कळते कसे, हे २००५ मध्ये उलगडले. ऑक्झिन टीआयआर-१ या प्रथिनात बसते आणि दोन प्रथिनांना एकमेकांना चिकटवते. वाढ रोखून धरणारे प्रथिन त्यामुळे मोडीत निघते. औषधनिर्मितीला ही कल्पना फार उपयोगी पडली. थॅलिडोमाइड आणि मल्टिपल मायलोमावर दिले जाणारे लेनालिडोमाइड माणसाच्या पेशीत नेमके असेच दोन प्रथिने जोडून काम करतात, हे २०१० नंतर स्पष्ट होत गेले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत एखादे प्रथिन माणसाच्या पेशीतून झटकन काढून टाकायचे असेल तर त्या पेशीत वनस्पतीचे टीआयआर-१ बसवून वर ऑक्झिन देतात.

टू-फोर-फाइव्ह-टी आता इतिहासजमा झाले आहे. टू-फोर-डी मात्र आपल्या बांधावर आहे. त्यात टीसीडीडी नसते, हा फरक खरा आणि महत्त्वाचा आहे. तरी २०१५ मध्ये त्याची नोंद ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात झाली. २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात त्याचे नाव होते. अंतिम यादीत ते राहिले नाही. उसात आणि गव्हात ते सर्रास मारले जाते आणि वाऱ्याने उडालेल्या तुषारांनी शेजारच्या कपाशीची पाने भेंडीसारखी होतात, द्राक्षाच्या वेली विद्रूप होतात. पंप पाठीला लावणारा मजूर बहुधा उघड्या हातांनी आणि तोंडाला रुमाल बांधून हे काम करतो.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत आणि प्रत्येक कृषी महाविद्यालयात संजीवकांचा धडा शिकवताना व्हेंटचे आगरचे चौकोन शिकवले जातात. त्याच तासाला नारिंगी पट्ट्याची पिंपे आणि आर्थर गॅल्स्टन यांचे पत्रही शिकवावे. आणि टू-फोर-डीची बाटली विकणाऱ्याने ती हातात देताना मात्रा, वाऱ्याची दिशा, हातमोजे आणि मास्क या चार गोष्टी मराठीतून, तोंडाने सांगाव्यात.